ताप येण्याआधीच्या खुणा

1908 सालचा सप्टेंबर संपत आला होता. लाहोर स्थानकावरून सुटणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक अचानक कोलमडले. रूळ शाबूत होते, संपही नव्हता. पण लाहोर हे गाड्यांवरचे कर्मचारी बदलण्याचे मोठे ठिकाण, आणि तिथली माणसे एकाच वेळी तापाने अंथरुणाला खिळली होती. पंजाबात हिवतापाची भयंकर साथ सुरू झाल्याची पहिली वर्दी मिळाली ती अशी. पुढे अमृतसर शहर जवळजवळ सगळेच आडवे झाले. कित्येक आठवडे मजूर मिळेनात, खाद्यपदार्थ विकणाऱ्यांचेही धंदे बंद पडले. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत प्रांतात तीन लाखांवर माणसे दगावली.

गाड्या उशिरा सुटणे हे काही वैद्यकातले लक्षण नाही. तरीही साथ आधी रेल्वेच्या हजेरीपटावर दिसली आणि मग सरकारी अहवालांत. डासांमार्फत पसरणाऱ्या रोगांचा हा स्वभावच आहे. माणूस तापाने फणफणतो त्याच्या कितीतरी आधी पाऊस पडून गेलेला असतो, पाणी साठलेले असते, त्यात अळ्या वाढलेल्या असतात. कुठल्यातरी डासाने एका आजारी माणसाला चावून रोगजंतू उचललेला असतो आणि तो जंतू डासाच्या अंगात पक्व होण्यातही दिवस गेलेले असतात. यातला प्रत्येक टप्पा काही ना काही खूण मागे ठेवतो. ती खूण हेरायची, तिचा आकडा करायचा आणि त्या आकड्यावरून साथ आधीच ओळखायची, हा उद्योग शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. संगणक त्यात फार उशिरा आला.

पंजाबच्या त्या साथीचा अभ्यास सॅम्युअल क्रिस्टोफर्स या डॉक्टरने केला. त्याच्या हाती रक्ततपासणीचे अहवाल नव्हते. होत्या त्या मृत्यूच्या नोंदी, आणि त्याही गावच्या चौकीदाराने ठाण्यात जाऊन तोंडी सांगितलेल्या. माणूस कशाने गेला हे चौकीदाराला कसे कळणार? तो ‘ताप’ म्हणायचा आणि ठाण्यात तेच लिहून घेतले जायचे. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, सगळे एकाच रकान्यात. असली आकडेवारी पाहून आजचा संशोधकही नाक मुरडेल. क्रिस्टोफर्सने मात्र त्यातून सुरेख वाट काढली. तापाने झालेल्या मृत्यूंचा नुसता आकडा त्याने बाजूला ठेवला आणि प्रत्येक ठाण्याच्या हद्दीत साथीच्या महिन्यातले मृत्यू नेहमीच्या महिन्यांतल्या मृत्यूंच्या किती पट झाले, एवढेच काढले. चौकीदाराची चूक बाराही महिने साधारण सारखीच असते, त्यामुळे पट काढली की ती बरीचशी गळून पडते. हे पटीचे आकडे नकाशावर मांडल्यावर साथ कुठे पेटली होती आणि कुठवर जाऊन विझली, हे लख्ख दिसू लागले. मला या सबंध इतिहासात सर्वांत मोठे आश्चर्य वाटते ते या एका युक्तीचे. आजही रोगसर्वेक्षणाच्या निम्म्या पद्धती ‘नेहमीपेक्षा किती पट’ याच प्रश्नावर उभ्या आहेत.

1911 साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात साथीची दोन कारणे जोडीने मांडलेली होती. एक अतिवृष्टी आणि दुसरे महागाई. पाऊस डास वाढवतो हे उघड होते, पण ज्या वर्षी धान्य महाग झालेले असते आणि लोक अर्धपोटी असतात, त्या वर्षी तोच पाऊस कितीतरी अधिक माणसे मारतो, हे नोंदींतून पुढे आले. क्लिफर्ड गिल या पंजाबातल्याच आरोग्याधिकाऱ्याने 1920च्या दशकात याच पायावर पुढचे पाऊल टाकले. पावसाळा ओसरत असतानाच, म्हणजे शरदातल्या तापाच्या आधी, कोणत्या जिल्ह्यात साथ येणार याचा अंदाज तो बांधू लागला. त्यासाठी पाहायचे ते पाऊसमान, धान्याचे भाव आणि मुलांच्या पोटातली पांथरी, म्हणजे प्लीहा. हिवताप वारंवार होत असेल तर मुलांची पांथरी वाढून बरगड्यांखाली हाताला लागते. फार कमी मुलांची पांथरी वाढलेली आढळली तर ऐकणाऱ्याला ती आनंदाची बातमी वाटेल. गिलच्या हिशोबी ती धोक्याची होती. गेली काही वर्षे ताप आला नाही, म्हणजे अंगात प्रतिकारशक्ती उरलेली नाही, आणि चांगला पाऊस झाला की साथीला मोकळे रान.

पाऊस, भाव आणि पांथरी. संख्याशास्त्राच्या आजच्या भाषेत सांगायचे तर पर्यावरण, समाज आणि प्रतिकारशक्ती हे तीनही घटक या अंदाजात आलेले होते. पुढे मेन्नो बौमा आणि व्हान डर काय या दोन संशोधकांनी 1996 साली जुन्या पंजाबातल्या साथींचा प्रशांत महासागरातल्या एल निनोशी ताळा घालून पाहिला. एल निनोच्या पाठोपाठ येणाऱ्या वर्षात पंजाबात हिवतापाच्या साथीची जोखीम सुमारे पाचपट होत असे, असे त्यांना आढळले. आजची अनेक प्रारूपे पाऊस आणि तापमान अगदी बारकाईने मोजतात. धान्याचा भाव मात्र त्यांतून बहुतेक गळाला आहे, आणि ही उणीव आहे असे माझे मत आहे.

दुसरा धागा निव्वळ गणिताचा. रोनाल्ड रॉसने 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत अॅनोफिलिस डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला, ही हकिकत शाळेच्या पुस्तकांतही असते. त्याने पुढे केलेले काम तितके कुणाला ठाऊक नाही. डास कमी केले तर हिवताप कमी होईल, या त्याच्या म्हणण्यावर टीका झाली. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत डास हटवण्याचा प्रयोग फसल्यावर ती वाढली. सगळे डास कोण मारणार, असा आक्षेप होता. रॉसने उत्तरादाखल समीकरणे मांडली. एका माणसामागे डासांची संख्या एका ठरावीक पातळीखाली आणली, की प्रत्येक रुग्ण सरासरी एकाहून कमी नवे रुग्ण निर्माण करतो आणि रोग आपोआप ओसरतो. शेवटचा डास मारण्याची गरज नसते. 1908च्या मॉरिशसवरील अहवालात आणि नंतरच्या ग्रंथात त्याने हे गणित तपशिलाने दिले.

रॉसच्या सहवासातून गणिताकडे वळलेला अँडरसन मॅकेंड्रिक पुढे कसौलीच्या पाश्चर संस्थेचा प्रमुख झाला आणि आजारपणामुळे एडिंबरोला परतला. तिथे त्याला विल्यम कर्मॅक भेटला. 1924 साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्या तरुण रसायनशास्त्रज्ञाची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली होती, आणि तो समीकरणे मनातल्या मनात सोडवायचा. 1927 साली या दोघांनी साथीच्या चढउताराचे जे सूत्र प्रसिद्ध केले, ते आजच्या जवळजवळ प्रत्येक साथप्रारूपाचे मूळ आहे. ते सूत्र प्रत्यक्ष आकड्यांवर ताडून पाहण्यासाठी त्यांनी निवडली मुंबई. डिसेंबर 1905 ते जुलै 1906 या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसे गेली, त्या नोंदी. प्लेग डासांचा रोग नाही, पण घंटेच्या आकाराची ती वक्ररेषा आज डेंगीच्या आलेखांतही भेटते आणि साथशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मुंबईचे ते आठवडे अजून छापले जातात. त्या प्रत्येक ठिपक्यामागे या शहरातली घरे आहेत.

1950च्या दशकात जॉर्ज मॅकडॉनल्डने रॉसच्या गणितात एक फार महत्त्वाची भर घातली. ती नीट समजून घ्यावी, कारण उष्मा आणि डेंगी यांचे नाते तिच्यातूनच उलगडते. डास रुग्णाला चावला की लगेच दुसऱ्याला रोग देऊ शकत नाही. रोगजंतू त्याच्या पोटातून लाळग्रंथींपर्यंत पोचावा लागतो, आणि तेवढे दिवस डास जगावा लागतो. डेंगीचा विषाणू 25 अंश सेल्सिअस तापमानात यासाठी सरासरी 15 दिवस घेतो, तर 30 अंशांत साडेसहा दिवस. समजा, रोज दहा टक्के डास मरतात. रुग्णाला चावलेल्या 100 डासांपैकी पंधरा दिवसांनी उरतील सुमारे 20. साडेसहा दिवसांनी मात्र सुमारे 50. डासांची संख्या तीच, रुग्ण तेच, पाऊस तोच. तापमान पाच अंशांनी चढले आणि रोग देऊ शकणारे डास अडीचपट झाले. हीच बाब उलट बाजूनेही खरी आहे. डासाचे आयुष्य थोडेसे जरी घटवता आले, तरी फायदा कैक पटींनी होतो. भिंतींवर डीडीटी फवारण्याच्या मोहिमांना मॅकडॉनल्डच्या गणिताचा भक्कम आधार मिळाला तो यामुळेच. फार कडक उन्हात डास स्वतःच लवकर मरतात, म्हणून तापमान जितके जास्त तितका डेंगी जास्त, असा सरळ नियम मात्र लावता येत नाही.

आता प्रत्यक्ष साथ ओळखायची कशी? सर्वांत साधी रीत अशी: मागच्या काही वर्षांत याच आठवड्यात सरासरी किती रुग्ण होते आणि त्यात वर्षागणिक किती चढउतार होत असे, ते काढायचे आणि त्यापलीकडे एक रेषा आखायची. चालू आठवड्याचा आकडा त्या रेषेवर गेला की धोक्याची सूचना. रेषा फार खाली आखली तर दर पंधरवड्याला खोटी हाकाटी होते आणि लोक ऐकेनासे होतात. फार वर आखली तर साथ माथ्यावर पोचल्यावरच कळते. खरी पंचाईत मात्र चालू आठवड्याच्या आकड्याचीच असते. रुग्णाला ताप येतो, तो दोन दिवस घरीच गोळी घेतो, मग डॉक्टरकडे जातो, रक्त तपासायला देतो, अहवाल येतो, तो आरोग्य केंद्रात जातो, तिथून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. यात आठवडे जातात. त्यामुळे ताजा आकडा नेहमीच अपुरा असतो आणि साथ चढत असतानाही आलेख खाली वळल्यासारखा दिसतो. हा फार घातक भास आहे.

ब्राझीलमध्ये 2015 साली रिओ दी जानेरोतून सुरू झालेली ‘इन्फोडेंगी’ ही व्यवस्था नेमके इथे काम करते. ओस्वाल्दो क्रूझ आणि गेतुलिओ वर्गास या दोन प्रतिष्ठानांच्या शास्त्रज्ञांनी ती उभी केली. मागच्या काळात कोणत्या आठवड्याचे किती रुग्ण किती उशिराने नोंदले गेले, हे पाहून ती चालू आठवड्यातल्या अजून न नोंदलेल्या रुग्णांचा अंदाज काढते. त्याला तापमान, आर्द्रता आणि समाजमाध्यमांवरच्या डेंगीविषयीच्या मजकुराची जोड देते आणि दर आठवड्याला प्रत्येक नगरपालिकेला हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा लाल रंग देते. रुग्ण अजून कागदावर यायचा आहे, पण आरोग्याधिकारी त्याला हिशोबात धरून चालू लागतो.

लाहोरचे नाव याच संदर्भात पुन्हा घ्यावे लागते. 2011 साली तिथे डेंगीची मोठी साथ आली आणि साडेतीनशेच्या वर माणसे गेली. त्या धामधुमीत आरोग्यविषयक दूरध्वनी मदतवाहिनी सुरू झाली. लोक फोन करून विचारत: ताप आहे, डेंगी असेल का; कुठल्या रुग्णालयात खाट मिळेल; आमच्या गल्लीत फवारणी कधी. पुढच्या दोन वर्षांत असे तीन लाखांवर फोन झाले. संशोधकांनी फोन कोणत्या भागातून आले आणि नंतर त्या भागात किती रुग्ण निघाले, याची हवामानाच्या नोंदींसह सांगड घातली. त्यातून शहराच्या एकेका भागापुरता दोनतीन आठवडे आधी अंदाज बांधता येऊ लागला. 2016 साली हे काम प्रसिद्ध झाले. यासाठी महागडी यंत्रे लागली नाहीत. काळजीत पडलेला माणूस आधी फोन उचलतो आणि मग रुग्णालयाची पायरी चढतो, एवढ्या एका गोष्टीची नीट नोंद ठेवली गेली.

मोबाइल फोनचा दुसराही उपयोग झाला. केनियात 2008-09 या वर्षातल्या सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या, नावे काढून टाकलेल्या नोंदींवरून माणसे कुठून कुठे जातात हे काढण्यात आले आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातला हिवताप माणसांच्या अंगातून नैरोबीपर्यंत कसा येतो, याचा नकाशा तयार झाला. डास फार लांब उडत नाही. रोगाचा लांबचा प्रवास माणूसच घडवतो. थायलंडमधल्या 1983 ते 1997 या पंधरा वर्षांच्या नोंदी तपासल्यावर डेंगीच्या रक्तस्रावी तापाची लाट बँकॉकमधून उठून महिन्याला सुमारे 148 किलोमीटर या वेगाने देशभर पसरताना दिसली होती. गुगलनेही लोक काय शोधतात यावरून डेंगीचा अंदाज देणारी सेवा 2011 साली सुरू केली. तिच्यात भारतही होता. इन्फ्लुएंझासाठीच्या तशाच सेवेने 2013च्या सुमारास रुग्णसंख्या फार फुगवून दाखवली आणि 2015 साली दोन्ही बंद झाल्या. बातमी गाजली की निरोगी माणूसही तेच शब्द शोधतो. वरवरच्या खुणेवर सगळा भार टाकला की असे होते.

या सगळ्यांत विलक्षण काम झाले ते पूर्व आफ्रिकेत, रिफ्ट व्हॅली तापावर. केनियातल्या नैवाशा सरोवराजवळच्या मेंढ्यांत 1930-31 साली हा रोग प्रथम ओळखला गेला. गाभण मेंढ्या एकामागून एक गाभडतात, कोकरे पटापट मरतात, आणि आजारी जनावरांच्या रक्ताशी संबंध आलेल्या किंवा डास चावलेल्या माणसांनाही ताप येतो. काहींना रक्तस्राव होऊन मृत्यू येतो. गूढ हे होते, की एक साथ सरल्यावर रोग पाचपाच, दहादहा वर्षे नाहीसा होतो आणि मग एकदम हजारो चौरस किलोमीटरमध्ये उसळतो. मधल्या काळात तो राहतो कुठे?

उत्तर सापडले मातीत. तिथल्या गवताळ प्रदेशात ‘डाम्बो’ नावाचे उथळ खोलगट भाग असतात. एडिस जातीचे डास त्यांच्या ओलसर मातीत अंडी घालतात. डाम्बो कोरडा पडला तरी अंडी वर्षानुवर्षे जिवंत राहतात. केनेथ लिंथिकम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात तिथल्या अळ्या गोळा करून प्रयोगशाळेत डास वाढवले. कुणालाही कधीच न चावलेल्या त्या डासांत विषाणू मिळाला. म्हणजे मादी आपल्या अंड्यांतूनच पुढच्या पिढीला विषाणू देते, आणि सुकलेल्या मातीत तो पावसाची वाट पाहत पडून असतो. साधा पाऊस पुरत नाही. डाम्बो तुडुंब भरून बरेच दिवस भरलेला राहिला, तरच अंडी मोठ्या संख्येने फुटतात. पाठोपाठ क्युलेक्स जातीचे डास त्याच पाण्यात वाढून रोग दूरवर नेतात.

एवढे कळल्यावर साथीचे भाकीत म्हणजे पावसाचे भाकीत झाले, आणि पावसाची खूण गवतावर उमटते. हवामान उपग्रह जमिनीवरून परत येणारा तांबडा आणि अवरक्त प्रकाश मोजतात. हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषतात आणि अवरक्त परतवतात, त्यावरून कुठला प्रदेश नेहमीपेक्षा किती हिरवा आहे हे अवकाशातून कळते. लिंथिकम, असाफ अन्यांबा आणि सहकाऱ्यांनी 1999 साली दाखवून दिले, की 1950 ते 1998 या काळातली पूर्व आफ्रिकेतली प्रत्येक ज्ञात साथ असाधारण अतिवृष्टीच्या पाठोपाठ आली होती. प्रशांत महासागर आणि हिंदी महासागराचा पश्चिम भाग यांच्या पृष्ठभागाचे तापमान आणि जमिनीवरची हिरवाई एकत्र धरली, तर पाच महिन्यांपर्यंत आधी साथ ओळखता येते, असे त्यांचे म्हणणे होते. सागराचे तापमान, गवताचा रंग आणि मातीतले अंडे एका सूत्रात बांधले गेले, आणि त्यावरून कुठल्या गावच्या मेंढ्या आजारी पडणार हे सांगता येऊ लागले.

या दाव्याची परीक्षा 2006 साली झाली. दोन्ही महासागर तापलेले दिसल्यावर सप्टेंबरमध्ये या गटाने पूर्व आफ्रिकेबाबत इशारा दिला. ऑक्टोबरपासून ईशान्य केनियात धोधो पाऊस कोसळला. नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने देशांना सावध केले. डिसेंबरमध्ये गारिसा जिल्ह्यात माणसे दगावू लागली. साथ सरेपर्यंत एकट्या केनियात 684 रुग्ण आणि 155 मृत्यू नोंदले गेले. सोमालिया आणि टांझानियातले वेगळे. भाकीत अचूक ठरले होते. जनावरांना लस टोचायला मात्र जानेवारी उजाडला, म्हणजे रोग पसरून गेल्यावर.

साथीनंतर तपास करणाऱ्यांनी ईशान्य केनियातल्या पशुपालकांना बोलते केले, तेव्हा हा विलंब दिवसांत मोजता आला. जोराचा पाऊस सुरू झाल्यापासून डासांचे थवे दिसेपर्यंत सरासरी 24 दिवस, थव्यांपासून पहिले जनावर आजारी पडेपर्यंत 17 दिवस, त्यानंतर पहिला माणूस आजारी पडेपर्यंत आणखी सुमारे साडेसतरा दिवस. पाऊस वेगळा आहे, डास वेगळे आहेत, जनावरांच्या नाकातून रक्त येते आहे, हे गुराख्यांच्या डोळ्यांसमोर होते. त्यांच्याकडून ते टिपून घेणारी व्यवस्था नव्हती. नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने नंतर इतरांच्या साथीने एक आराखडा तयार केला. कोणती खूण दिसली की कोणत्या खात्याने काय करायचे, हे त्यात पायरीपायरीने लिहिलेले आहे. माझ्या मते उपग्रहाइतकेच मोल या कागदाचे आहे.

आपल्याकडे वळू या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या सोफिया याकोब, रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या डेंगी-मृत्यूंच्या नोंदी तिथल्या हवामानाशी जोडून पाहिल्या. जानेवारी 2025 मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार तापमान 27 ते 35 अंश, आर्द्रता 60 ते 78 टक्के आणि मोसमभर सारखा पसरलेला मध्यम पाऊस, हा पुण्यात डेंगीला सर्वांत अनुकूल मेळ. आठवड्यात 150 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला तर अंडी आणि अळ्या वाहून जातात आणि डेंगी उलट घटतो. म्हणजे एकूण पाऊस किती पडला यापेक्षा तो कसा पडला, याला महत्त्व. रिपरिप आणि मध्ये ऊन, असा पुणेकरांना आवडणारा श्रावण डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासालाही मानवतो. घरातले पाणी मात्र कुठलाच मुसळधार पाऊस धुऊन नेत नाही: फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, झाकण नसलेले पिंप. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर चिकटलेली अंडी तिथे कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात.

यंत्रशिक्षणावर आधारलेले त्यांचे प्रारूप पुण्यातल्या डेंगीचा इशारा दोन महिने आधी देऊ शकते, असे या शास्त्रज्ञांनी दाखवले. तापमानवाढ अशीच चालू राहिली तर पुण्यातले डेंगीचे मृत्यू 2030पर्यंत 13 टक्क्यांनी आणि शतकाच्या मध्यापर्यंत 23 ते 40 टक्क्यांनी वाढतील, असा त्यांचा अंदाज आहे. दोन महिन्यांत महापालिकेला पुष्कळ काही करता येते. जूनमध्ये इशारा मिळाला तर पावसाळा भरात येण्याआधीच घरोघरचे कंटेनर सर्वेक्षण होते, बंद बांधकामांवरच्या टाक्या तपासल्या जातात, गप्पी मासे सोडले जातात, रक्तपेढ्या प्लेटलेटची तयारी ठेवतात. रुग्ण सापडल्यावर गल्लीत केलेली धूरफवारणी डोळ्यांना दिसते, पण अळ्यांना ती काही करत नाही.

पुण्याचा अभ्यास होऊ शकला, कारण पुण्याच्या नोंदी मिळाल्या. भारतात 2006 ते 2012 या काळात दरवर्षी सरासरी 20 हजारांच्या आसपास डेंगीरुग्ण अधिकृतपणे नोंदले जात होते. डोनाल्ड शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी 2014 साली काढलेला खरा आकडा वर्षाला सुमारे 58 लाखांचा होता, नोंदींच्या 282 पट. नोंद चुकण्याचे मोठे कारण तपासणीत आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात पक्का रुग्ण धरला जातो तो एलायझा चाचणीवर. सरकारी केंद्रांना त्यासाठी लागणारे संच पुण्याचीच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था पुरवते. खासगी दवाखान्यात मात्र बहुतेकदा झटपट निकाल देणारी कार्ड चाचणी होते, औषध मिळते, रुग्ण बरा होतो आणि मोजणीत कुठेच येत नाही. ज्या वस्तीत तपासणीच होत नाही, तिथे प्रारूपाला डेंगी शून्य दिसतो आणि नकाशावर ती वस्ती हिरवी राहते. चौकीदाराची चूक बाराही महिने सारखी होती, म्हणून क्रिस्टोफर्सला पट काढून ती वजा करता आली. आपल्याकडची चूक मात्र वस्तीगणिक, दवाखान्यागणिक आणि मोसमागणिक बदलते. कितीही हुशार यंत्रशिक्षण आणले तरी न टिपलेला ताप त्यातून बाहेर काढता येत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. घरात कुणाला डेंगीसदृश ताप आला आणि खासगी दवाखान्यात कार्ड चाचणी होकारार्थी आली, तर एलायझा चाचणीबद्दल डॉक्टरांना विचारा आणि अहवाल महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला कळवला गेला का, याचीही खात्री करून घ्या. पिंप तपासायला आलेल्या आशाताईंना किंवा पालिकेच्या कर्मचाऱ्याला दारातून परत पाठवू नका, आणि अळ्या सापडल्या तर त्यांना त्या लिहून घेऊ द्या.